डोक्यावर मजला नको

गाद्यांचा कारखाना असलेला माणूस निदान झोपेच्या बाबतीत तरी सुखी असेल, असं मला वाटायचं. ते माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मी तसा विनोदही केला. त्यांच्या पत्नी हसल्या. ते हसले नाहीत.

"घराचं बोलू या," म्हणाले.

पत्नी डोळ्यांच्या डॉक्टर. टेकडीच्या उतारावरची ती जागा त्यांच्याच हट्टापायी घेतलेली. "आयुष्यभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या बुबुळांत डोकावले," त्या म्हणाल्या, "आता मला लांबवर बघायचंय." जागा होतीही तशीच. रस्ता वरच्या अंगाला, तिथून जमीन खाली घसरत गेलेली, मग दरी आणि पलीकडे एकामागे एक फिकट होत जाणारे डोंगर. अशी जागा आणि हात न आखडणारं गिऱ्हाईक एकदम मिळालं, की आर्किटेक्टची चैनच असते. मी कामाला लागले.

मी त्यांच्यापुढे तीन तऱ्हा ठेवल्या. एक काचेचं आणि काँक्रीटचं घर, सपाट छपराचं, दरीवर अर्धं तरंगणारं. खरं सांगायचं तर मला तेच बांधायचं होतं. मासिकात फोटो छापून आले असते. दुसरं दगडी भिंतींचं, उतरत्या कौलांचं, आत लाकडी जमिनी. तिसरं पायऱ्यापायऱ्यांनी उतारावर बसवलेलं, प्रत्येक पायरीवर गच्ची. तिन्हींची मॉडेलं टेबलावर मांडली. तिन्हींत एक गोष्ट सारखी होती आणि ती वेगळी सांगायला हवी हे मला सुचलंही नव्हतं. रस्ता वर असला की माणूस वरून घरात शिरतो आणि झोपायला खाली उतरतो. बैठक वर, निजायच्या खोल्या खाली.

साहेबांनी दगडी घराचं छप्पर दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं, मग वरचा मजला उचलला आणि खालच्या खोलीत बघत राहिले.

"मी इथे झोपणार?"

"हो. सगळ्यात चांगला देखावा तिथूनच आहे."

"आणि माझ्या डोक्यावर?"

"बैठकीची खोली. काळजी करू नका, मध्ये आवाज अडवणारा थर घालू. वर कुणी नाचलं तरी खाली कळणार नाही."

"तो आवाज अडत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी मजला जागच्या जागी नीट बसवला.

गिऱ्हाइकाला कागदावर काही पटत नसेल तर मी त्याला बांधलेलं घर दाखवते. त्याच डोंगररांगेत मी पूर्वी एक दगडी घर बांधलं होतं. मालक परगावी होते आणि किल्ली माझ्याकडे होती. संध्याकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. डॉक्टर खिडक्या उघडून बघत होत्या, कपाटांच्या बिजागऱ्या हलवून बघत होत्या, "अहो, इथला उजेड बघा ना!" म्हणत होत्या. आम्ही खालच्या खोलीत उतरलो. साहेब पलंगाजवळ उभे राहिले आणि त्यांनी मान वर केली.

"वर कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही. मीच कुलूप उघडलं ना आत्ता."

त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. ते जिना चढून तडक बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. मी वरची खोली पाहून आले. चादरी पांघरलेलं सामान, बंद दारं, बाकी काही नाही.

मग एक काचेचं घर दाखवलं, तिथेही तेच झालं. ते घर दुसऱ्या कुणी बांधलेलं होतं, माझ्या ओळखीनं बघायला मिळालं. तिथली मालकीण आम्हाला खालच्या मजल्यावर न्हाणीघराच्या फरशा कौतुकानं दाखवत होती आणि साहेब भिंतीला हात टेकवून उभे होते, एखादा माणूस जहाजावर उभा राहतो तसे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, एकच मजला काढा. डोक्यावर मजला नको. तऱ्हा तुम्हाला आवडेल ती."

उतारावर एकमजली घर बसवायचं तर ते उताराला आडवं, लांबच लांब करावं लागतं. मी फूटपट्टीसारखं घर काढलं. डॉक्टरांनी नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "निजायच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर वाटेत मुक्काम करावा लागेल. अहो, तुमचं मनात आहे तरी काय? आजवर प्रत्येक ठिकाणी सगळ्यात वरचाच फ्लॅट घेतलात. गच्चीची किल्लीसुद्धा सोसायटीकडून मागून घेऊन स्वतःच्या खिशात ठेवलीत. मी समजत होते, तुम्हाला वारा आवडतो."

साहेब माझ्या टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावत होते. मी उठून बाहेर जायला निघाले तर म्हणाले, "बसा. तुम्हाला घर बांधायचंय, तुम्हालाही कळू दे."

त्यांनी सांगितलं ते असं. ते लहान असताना एका घराच्या खालच्या खोलीत राहायचे. वर आणखी एक खोली, मध्ये लाकडी फळ्यांची जमीन. वडील कामासाठी दुसऱ्या गावी गेले ते लवकरच येतो म्हणून गेले आणि आले नाहीत. निरोप नाही, काही नाही. संध्याकाळची बस यायच्या सुमाराला आई वरच्या खोलीत जायची आणि या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत चालत राहायची. एका खिडकीतून रस्ता दिसायचा, दुसरीतून बसथांबा. तिचा एक पाय आखूड होता. एक पाऊल जड पडायचं, दुसरं ओढत यायचं. हे खाली बसून अभ्यास करायचे आणि फळ्यांच्या फटीतून वहीवर धूळ पडायची. घरात मावशी होती, ती रांधायची, वाढायची, हाका मारायची. आई कितीही हाका मारल्या तरी अंधार पडेपर्यंत खाली उतरायची नाही. पुढे पुढे तर ती खाली येईनाशीच झाली. जेवणसुद्धा मावशी वर नेऊन द्यायची.

"एका संध्याकाळी पावलं मध्येच थांबली," साहेब म्हणाले. "मावशी धावत वर गेली. मी गेलो नाही, मला कुणी जाऊ दिलं नाही. नंतर घरात माणसं आली, गेली. आणि थोड्या दिवसांनी, संध्याकाळीच, ती पावलं परत सुरू झाली. मी मावशीला म्हटलं, आई चालतेय बघ. तिनं मला पोटाशी धरलं आणि रडायला लागली. तिला काही ऐकू येत नव्हतं."

"मला हे कधीच सांगितलं नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

"वर मजला नसला की येत नाहीत पावलं. मग सांगायचं कशाला?"

फूटपट्टीचं घर ठरलं. नकाशे मंजूर झाले, झाडोरा साफ झाला आणि एका संध्याकाळी आम्ही जागेवर आखणीला गेलो. पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारून खोल्या दाखवल्या होत्या. नुसत्या जमिनीवर आखलेलं घर नेहमीच फार लहान दिसतं. डॉक्टर रेषांमधून फिरत होत्या, भिंत आहे तिथून जायचं टाळत होत्या आणि दाराच्या जागी वळत होत्या. साहेब निजायच्या खोलीत उभे होते. त्यांच्या डोक्यावर मोकळं आभाळ होतं.

मी टेपची गुंडाळी करत होते. सहज त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान वर केलेली. त्यांची नजर डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत गेली, थांबली आणि परत डावीकडे येऊ लागली. वर काही नव्हतं. पाखरूही नव्हतं. माझ्या हातातला टेप सुटून खडखडत खाली गेला.

डॉक्टर त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्याला हात लावला नाही, हाक मारली नाही. रोग्याकडे बघावं तशा त्या त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या, कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, "अहो, तुम्हाला नुसतं ऐकू येतंय, की दिसतंय?"

"ऐकू येतंय. वर. इथे छप्परही नाही गं, तरी वर."

"दिसत नाही काही?"

"नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. "समोर हलणारं काही नसेल तर माणसाचे डोळे असे सरकत नाहीत. ठरवलं तरी जमत नाही. ते झटक्याझटक्यानं उड्या मारतात. मी रोज तपासते. यांचे डोळे आत्ता सरकत होते. मऊ, एका गतीनं. कुणाच्या तरी मागे मागे गेल्यासारखे."

दरीतून वारा वर येत होता आणि फक्कीच्या रेषा एका बाजूनं पुसट होत होत्या. साहेब त्या उघड्या खोलीत खाली बसले, मातीतच. एवढा मोठा कारखानदार माणूस, रस्ता चुकलेल्या पोरासारखा दिसत होता.

"काहीही बांधा आता," ते म्हणाले. "नाहीतर विकून टाकू जागा. काय फरक पडतो?"

"विकायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्याही त्यांच्याशेजारी बसल्या. "आणि हे लांबुडकं घरही बांधायचं नाही. तुमच्या आई चालणारच असतील तर चालू देत. पण अशा अधांतरी कशाला? त्यांच्या पायाखाली जमीन तरी द्या."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

अशा रीतीनं घराची तऱ्हा ठरली. दगडी भिंती, उतरती कौलं, वर एक लांब खोली, तिला लाकडी जमीन. आवाज अडवणारा थर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. खोलीच्या एका टोकाला रस्त्याकडे खिडकी, दुसऱ्या टोकाला दरीकडे. बैठक खाली आणली. नातेवाइकांनी विचारलं की एवढी मोठी खोली रिकामी का, तर डॉक्टर म्हणायच्या, "सासूबाईंची आहे." माणसं चपापायची आणि विषय बदलायची.

बांधकाम सुरळीत झालं. भिंती चढल्या, कौलं बसली, दारं लागली. एवढ्या काळात कुणाला काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही, आणि मीही त्या संध्याकाळची आठवण हळूहळू बाजूला सारली. मग लाकडी जमिनीला पॉलिश झालं. पॉलिशवाला शेवटचा हात मारून, मागे मागे सरकत जिन्यावर आला होता आणि खाली बसून ब्रश धूत होता. सूर्य डोंगराला टेकला होता. मी त्याच्याशी दुसऱ्या दिवशीच्या कामाचं बोलत होते. तो एकदम थांबला आणि वैतागून म्हणाला, "बाई, वर कुणाला सोडलंत? पॉलिश ओलं आहे माझं!"

"कुणालाच नाही."

"मग कोण फिरतंय? ऐका की. पाय ओढत चाललंय कुणीतरी."

मी ऐकलं. शपथेवर सांगते, मला काही ऐकू आलं नाही. पण तो नुसता कामावरचा माणूस होता. साहेबांना त्यानं पाहिलंही नव्हतं आणि ही हकीकत त्याला कुणी सांगितली नव्हती. मी जिना चढले. खोली रिकामी होती. दोन्ही टोकांना खिडक्या आणि मधे ती ओली, चकचकीत जमीन, तिच्यात मावळतीचा उजेड पडलेला. तिच्यावर कसलाही डाग नव्हता. मी चौकटीबाहेरच थांबले. आत पाऊल टाकायचं धाडस झालं नाही आणि ओलं पॉलिश हे चांगलं निमित्त होतं.

त्या दोघांना मी हे सांगितलं नाही. ते राहायला आले. अधूनमधून फोन व्हायचा. डॉक्टर सांगायच्या की डोंगर छान दिसतात, गळती नाही, साहेब आताशा झोपतात. "आणि ती पावलं?" मी विचारलं. "रोज असतात," त्या म्हणाल्या, जसं काही दूधवाल्याबद्दल सांगत होत्या. "यांना बरं वाटतं. पेपर वाचता वाचता ऐकतात."

मग एकदा साहेबांचाच फोन आला. आवाज वेगळा होता, घाईचा.

"मॅडम, जिन्याला एका बाजूनं भिंत आहे. दुसऱ्या बाजूनं कठडा लावून द्याल का? लवकर?"

"देते की. पडलं का कुणी?"

"नाही. पण पावलं जिन्याच्या तोंडाशी येऊन थांबायला लागलीत. काल एक पायरी उतरली."

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. "लाकडी लावायला सांगा, अहो. लोखंडाचा हाताला गार लागतो."

मी सुताराला घेऊन गेले. त्यानं नेहमीच्या उंचीवर खूण केली. साहेब खालच्या पायरीवर उभे होते. म्हणाले, "थोडा खाली घ्या. ती बुटकी होती." सुतारानं खूण पुसली, खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"घरात म्हातारं माणूस आहे का?" त्यानं विचारलं.

"आहे," मी म्हटलं आणि टेपचं दुसरं टोक धरायला वरच्या पायरीवर गेले. माझी पाठ त्या खोलीकडे होती. मापं घेऊन होईपर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.