नाव वाचण्याआधीची ओळ

मी बोलतेय, एक ओळ. पुस्तकातली नव्हे हं, प्रोग्रॅममधली! अंगाने एवढीशी, पण माझ्यावाचून भल्याभल्यांचं अडतं. तुम्ही वेबसाइटवरचा फॉर्म भरता ना, ती अक्षरं पुढे जातात नुसते आकडे होऊन. ते कोणत्या पद्धतीने वाचायचे, हे सर्व्हरला कुणीतरी सांगावं लागतं. ते मी सांगते, "बाबा रे, आलेलं सगळं यूटीएफ-आठ पद्धतीने वाच, म्हणजे मराठी मराठीच दिसेल." एवढं बोलले की मी गप्प.

माझा जन्म केकच्या दुकानामागच्या खोलीत झाला. मैद्याच्या पोत्याला टेकून नणंदबाई लॅपटॉप बडवत होती. दुकान तिच्या दादा-वहिनीचं. त्या सकाळी वेबसाइट सुरू व्हायची होती.

"वन्सं, झालं का? की केक शिळे झाल्यावर?"

"झालंच वहिनी, ही शेवटची ओळ!"

ती शेवटची ओळ मी. शेवटची म्हणून मला बसवलीही शेवटी, ग्राहकाचा मजकूर वाचणाऱ्या ओळीच्या खाली. म्हणजे वरातीमागून घोडं! मी तोंड उघडेपर्यंत सर्व्हर आपल्या मनाने वाचून मोकळा. मी घसा फोडतेय, पण ऐकतो कोण?

पहिलीच ऑर्डर एका नातीची. आदल्या दिवशी तिने वहिनीला फोनवर सांगितलं होतं, "माझी आजी या वर्षी वाचायला शिकली. केकवरचं तिने स्वतः वाचायला हवं. काय लिहायचं ते विमानात बसायच्या आधी फॉर्ममध्ये भरते. मी थेट आजीकडेच उतरेन, केक माझ्या आधी पोचू द्या."

दादाने ऑर्डरचा छापून आलेला कागद समोर ठेवला आणि त्यावर होतं तेच केकवर काढायला क्रीमची पिशवी दाबली. डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए, मध्ये चार पाय फुटलेली गोल भोकं. अगदी मन लावून, एकही पाय न चुकवता!

वहिनीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, हे काय काढलंत?"

"आलं ते काढलं. परदेशी भाषा असेल म्हटलं."

"आजी आत्ता कुठे अक्षरं शिकलीय, तिच्यापुढे हे ठेवणार?"

"मग नातीला विचार."

"ती विमानात आहे, फोन बंद!"

"नुसत्या शुभेच्छा लिहू?"

"पोरीने मनात धरलेलं सोडून भलतंच? छे!"

नणंदबाई धावत आली. लॅपटॉपच्या पडद्याकडे बघितलं आणि जीभ चावली. "अगं बाई, हिला मी खाली बसवली! आधी वाचून घेतलं आणि मग सांगतेय कसं वाचायचं!"

तिने मला उचललं आणि सगळ्यांच्या वर नेऊन बसवलं. अहाहा, काय सांगू! नव्या नवरीला पहिल्यांदा घरातल्यांनी काही विचारावं तसं झालं मला. सकाळी आलेले आकडे जसेच्या तसे जपलेले होते. वाचणारा चुकला होता, आकडे नव्हते. तिने तेच पुन्हा आत सोडले. आता मी आधी बोलले, खणखणीत! आणि सर्व्हरने मुकाट ऐकलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: "आजी, आता तू वाच, मी ऐकते."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. दादाने जुनं क्रीम खरवडलं, हात धुतले आणि एकेक अक्षर टपोरं काढलं. "आजीला चष्मा नसला तरी दिसेल," म्हणाला, आणि खोका छातीशी धरून निघाला.

दुसऱ्या दिवशी फॉर्ममधून एक निरोप आला. माझ्या हातूनच गेला, म्हणून पहिल्यांदा मीच वाचला:

"वाचलं. नात ऐकत होती. पुन्हा वाचलं. मग कापला. हे मीच लिहिलं. आजी."

आज या दुकानात सगळ्या ओळींच्या आधी माझी जागा आहे. किती जणांची नावं माझ्यासमोरून जातात, आणि मी थकत नाही! तुम्हीही कुठे फॉर्म बांधत असाल, तर बायांनो, बाबांनो, मला विसरू नका आणि मागे ढकलू नका. पलीकडे कुणीतरी पहिल्यांदाच लिहीत असतं.