पुसलेली नावे, बुडालेली पाळी

सकाळी अकराच्या सुमारास शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये माझ्या पडद्यावरची काही नावे पुसली गेली. साल २००४, महिना फेब्रुवारी. पुसणाऱ्याच्या तोंडात गुटखा होता. काम झाल्यावर तो खिडकीतून बाहेर थुंकला. थोडे बाहेर गेले, थोडे माझ्यावर पडले.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मूळचा पांढरा, आता पिवळट. माझे सुटे भाग परदेशांत घडले, मला जोडले पुण्यात, आणि १९९८ साली गोधडीत गुंडाळून टेम्पोने शिरूरला आणले. क्लासचे मालक ज्ञानदेव सर. त्यांनी मला हळदकुंकू वाहिले, आणि नारळ फोडताना त्याचे पाणी माझ्या कळफलकात सांडले. पुढे बरेच दिवस काही अक्षरे उमटत नव्हती. त्याचे मला काही वाटले नाही. तो मान होता.

क्लासला येणाऱ्यांत मोनिका होती. तिची माणसे पूर्वी मेंढरे घेऊन फिरायची. वडील बिरदेव मात्र शेतीत स्थिरावले होते. घोड नदीकाठच्या त्यांच्या गावात सहकारी पाणी संस्था आहे. नदीवरची मोटर पाणी उचलते, ते चारीने पाळीपाळीने शेतांना मिळते. पाळी कोणाची, हे चेअरमन मारुतरावांच्या ओट्यावर ठरायचे. मारुतरावांचे रान चारीच्या तोंडाला, बिरदेवांचे अगदी शेवटी. एका उन्हाळ्यात त्यांचा कांदा पाण्यावाचून करपला, तेव्हा मोनिकाने माझ्यावर एक प्रोग्राम लिहायला घेतला. कोणाचे किती रान आणि मागचे पाणी कधी मिळाले हे भरले, की पुढची पाळी कोणाची ते तो सांगे.

फोनच्या तारेवरून तिने तो इंटरनेटवर ठेवला. आतली सगळी मांडणी उघडी ठेवली, म्हणजे तो पाळी कशी ठरवतो हे कोणालाही वाचता यावे. फुकट घ्या, बदला, वाटा, असे तिने सोबत लिहिले. मात्र केलेला बदल इतरांना दाखवायचा, आणि ज्यांनी काम केले त्यांची नावे राहू द्यायची.

त्याच तारेवरून पहिले पत्र पेरू देशातल्या डोंगरातून आले. रोसा नावाच्या शिक्षिकेचे. तिच्या गावातही पाण्याच्या पाळ्या होत्या आणि त्यांवरून भांडणे होती. मग नेपाळमधून पत्रे आली, स्पेनमधून आली. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मोनिका पहिला प्रश्न एकच विचारी : तुमच्याकडे पाणी कोण सोडतं? माणसे पानेच्या पाने लिहीत. कोणी चूक दाखवली तर ती आभार मानी. कोणी तिच्या इंग्रजीला हसले तरी उत्तर देई. दोघे भांडले तर दोघांना वेगवेगळे लिहून पुन्हा कामाला लावी. क्लास सुटल्यावर ती हे करायची, आणि याबद्दल तिला शिरूरमध्ये कोणी विचारत नव्हते.

सगळ्यांत मोठी चूक रोसाने शोधली. पाळीच्या वेळी लाइट गेली तर पाणी मिळायचे नाही, पण प्रोग्राम पाळी झाली असेच धरायचा. तिच्याकडे दरड कोसळून पाट बंद पडे, तिथेही तेच होई. तिने नियम घातला : न मिळालेली पाळी बुडत नाही, पुढे सरकते. बिरदेवांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्या बाईला म्हणावं, हुरडा खायाला ये." मोनिकाने निरोप तसाच्या तसा पोचवला. मग हुरडा म्हणजे काय, यावर चार देशांत आठवडाभर पत्रे चालली.

पुढे संस्थेने हा प्रोग्राम वापरायचे ठरवले. उद्घाटनाआधी तो नीट करायला म्हणून मारुतरावांचा मुलगा सत्यजीत क्लासमध्ये आला. पुण्यात कोर्स केलेला. गुटखेवाला तो हाच. पहिल्या पडद्यावर देशोदेशीची नावे बघून त्याने विचारले, "ह्या लोकांनी काय दिलंय?"

"काम दिलंय," मोनिका म्हणाली.

"आगं, देवळातल्या पंख्यावर नाव कुणाचं आसतंय? वर्गणी देणाऱ्याचं. वायरमनचं आसतंय व्हय?"

ज्ञानदेव सर हसले. आमच्या भागात पंखा, बाक, पाण्याची टाकी, जे दिले त्यावर देणाऱ्याचे नाव रंगवतात. रीत वाईट नाही. पण इथे मारुतरावांनी काहीच दिले नव्हते. सत्यजीतने संस्थेसाठी एक नक्कल काढली, तिच्यातली नावे पुसली आणि त्या जागी वडिलांचा हात जोडलेला फोटो टाकला. खाली 'संकल्पना' म्हणून स्वतःचे नाव. तळाला बारीक अक्षरात 'सहकार्य : कु. मोनिका'.

"माझं बी काढा मग," ती म्हणाली. त्याने काढले. त्याच बैठकीत रोसाचा नियमही काढला. उद्घाटनाला शाल-श्रीफळ त्यालाच मिळाले आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्ञानदेव सर होते.

मार्चमध्ये बिरदेवांच्या पाळीला लाइट गेली. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पडद्यावर त्यांची पाळी झालेली होती. ते कार्यालयात गेले. तिथले बोलणे मोनिकाने पत्रात लिहून जगभरच्या मंडळींना कळवले, तेच मी सांगतो. सत्यजीत म्हणाला, "आबा, आमी न्हाई सांगत, कॉम्प्युटर सांगतोय."

बिरदेव म्हणाले, "कॉम्प्युटरचं रान हाय का रं चारीच्या तोंडाला?"

पाळी ओट्यावर ठरायची तेव्हा निदान अन्याय करणाऱ्याला स्वतःचे तोंड होते. आता त्यांनी आम्हा यंत्रांचे तोंड वापरायला घेतले. थुंकीपेक्षा मला याची जास्त किळस येते. आत काय बदलले ते दाखवा, अशी मागणी मोनिकाने संस्थेकडे केली. गावची गोष्ट गावात राहू दे, असे उत्तर मिळाले.

पत्रांचा ओघ लागला. रोसाने लिहिले की माझे नाव नसले तरी चालेल, नियम परत घाला. स्पेनचा गृहस्थ चिडला. एवढी वर्षे फुकट राबलो ते एका फोटोसाठी का, असे विचारून त्याने काम सोडले. मोनिकाने त्याला मोठे उत्तर लिहिले. त्यावर त्याचे काही आलेले नाही. मूळ प्रोग्राम माझ्याजवळ आहे, पेरूत आहे, नेपाळात आहे. पण बिरदेवांची पाळी संस्थेच्या संगणकावर ठरते.

मित्रांनो, फुकट मिळालेली वस्तू वापराल तेव्हा ती घडवणाऱ्यांची नावे वाचा आणि राहू द्या. कॉम्प्युटर सांगतोय असे कोणी म्हणाले, तर आत काय लिहिले आहे ते दाखवायला सांगा. आणि आमच्यावर थुंकू नका.

नियम परत घाला, असे मोनिकाने सर्वांच्या नावांनिशी लिहिलेले पत्र सोमवारी संस्थेत दिले. पोच मिळाली. बिरदेवांची पुढची पाळी उद्या, गुरुवारी दुपारची आहे. त्या वेळेत लाइट नसेल, असे वीज कार्यालयाच्या फलकावर लिहिले आहे. आज संध्याकाळी पाचपर्यंत संस्थेचे उत्तर आलेले नाही.