चौकीतली नवी रॅम

सेंगोन नदीच्या काठावर आमच्या गावाची एक चौकी आहे. पत्र्याचं छप्पर, पात्रातल्या लोकांना इशारा द्यायचा भोंगा, एक वॉकीटॉकी आणि टेबलावर एक जुना कॉम्प्युटर. आमचा डोंगर अधूनमधून राख ओकतो. ती राख वरच्या उतारांवर साठून राहते, आणि वर जोराचा पाऊस झाला की राख, वाळू आणि घराएवढाले दगड यांचा लोंढा नदीतून धडधडत खाली येतो. त्याला आम्ही लाहार म्हणतो. खाली कडक ऊन असतं तेव्हाही तो येतो. आणि तेव्हाच कोरड्या पात्रात गावातले लोक वाळू उपसत असतात, कारण वाळूवरच त्यांची चूल पेटते.

दुपारच्या पाळीला चौकीत निंग्सिह बसायची. बाजारात तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, कॉम्प्युटरचंही शिक्षण झालेलं. तिचा नवरा जारोत वाळूचा ट्रक चालवायचा, म्हणजे पाळी संपेपर्यंत नवरा पात्रात आणि बायको पडद्यासमोर.

वरच्या बंधाऱ्यावर एक कॅमेरा आधीपासून होता, आणि त्याच्याही वर एक पहारेकरी बसायचा. त्या वर्षी पुलाजवळ दुसरा बसवला आणि कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. चित्र अडकत अडकत यायचं.

"म्हातारं झालंय मशीन, माझ्यासारखं," पाक मुजियात म्हणाले. ते पोस्टातून निवृत्त झालेले, चौकीचे प्रमुख; 'पाक' म्हणजे आमच्याकडे 'काका'.

"म्हातारपणाचं काही नाही, पाक. दोन कॅमेरे म्हटल्यावर त्याला रॅम पुरत नाहीये. वाढवली की पळेल."

तिने कॉम्प्युटरचा डबा उघडून आतली रॅमची पट्टी काढली, तिच्यावरची अक्षरं वाचली आणि शहरात गेली. मशीन इतकं जुनं की नव्या जातीची पट्टी त्याच्या खाचेत बसलीच नसती. जुन्या जातीची एकच पट्टी सापडली, तीही वापरलेली, दुसऱ्या कंपनीची आणि वेगळ्या वेगाची. दुकानदार लिएम म्हणाला, "ताई, खरं सांगू? एकसारख्या दोन असत्या तर बरं. ही तुझ्या जुनीबरोबर नांदेल, नाही नांदणार, माझी हमी नाही. लावल्यावर रात्रभर तपासणी चालव, मगच भरवसा ठेव."

पट्टी बसली, मशीन सुरू झालं, दोन्ही चित्रं सुरळीत दिसायला लागली. पण तपासणीसाठी रात्रभर कॅमेरे बंद ठेवावे लागणार होते, आणि पाक मुजियात तयार होईनात. "डोंगरावर ढग उतरलेत आणि तू डोळे मिटायला सांगतेस? चाललंय ना? चालू दे."

थोडेच दिवस गेले. त्या दुपारी गावात लख्ख ऊन होतं. डोंगराचा माथा मात्र काळ्या ढगात गेला होता. निंग्सिहने चहाचा घोट घेऊन पडद्याकडे पाहिलं. बंधाऱ्याखालचं कोरडं पात्र, करडे दगड, एका दगडावर बगळा. छान शांत दिसत होतं. तिने पुन्हा पाहिलं. बगळ्याचा एक पाय अर्धवट उचललेला होता, तो तसाच होता.

तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. भिंतीवरचं बरंच पुढे गेलं होतं.

"पाक, हे थांबलंय."

"काय थांबलंय?"

"चित्र. मशीनच गोठलंय. आपण केव्हाचं जुनंच चित्र बघतोय."

तिने माउस हलवला. बाण जागचा हलला नाही. पाकांनी वॉकीटॉकी उचलून वरच्या पहारेकऱ्याला हाक मारली. नुसती खरखर. पुन्हा हाक मारली, पुन्हा खरखर. नदीच्या पात्रात फोन लागत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"भोंगा वाजवा," निंग्सिह म्हणाली.

पाक मुजियातांचा हात खटक्याजवळ गेला आणि तिथेच थांबला. मागच्या महिन्यात भोंगा फुकट वाजला होता. ट्रकवाले चौकीत येऊन वाट्टेल ते बोलून गेले होते, अर्धे लोक तर पात्रातून बाहेरच आले नव्हते. "आज पण खोटा निघाला, तर पुढच्या वेळी एकसुद्धा हलणार नाही, निंग. आधी मशीन बघ. मी याला परत हाक मारतो."

तिने बटण दाबून मशीन बंद केलं, चालू केलं. पडदा काळाच. आतून लांबलचक शिट्टी आली, थांबली, परत आली. रॅम सापडत नाही, असं ते सांगत होतं. तिने वायर उपटली, डबा आडवा केला, झाकण काढलं. घाईत पट्टीची कडी दोनदा निसटली. नवी पट्टी ओढून तिने जमिनीवर ठेवली आणि वायर लावली. तीच शिट्टी.

म्हणजे आता मशीनला जुनी पट्टीही सापडत नव्हती. जारोत नेहमी पात्राच्या मधोमध, सगळ्यांच्या पुढे जाऊन ट्रक लावायचा. तिथली वाळू बारीक असते म्हणून. काठावर चढायचं तर त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागणार.

"खोडरबर द्या, पाक. त्या खोक्यात आहे."

जुन्या पट्टीची मळलेली पिवळी कडा तिने खोडरबरने घासली, फुंकर मारली, शेजारच्या खाचेत दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्ट झालं. वायर लावली. यावेळी शिट्टी आली नाही. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उगवलं आणि त्याखाली एक गोल फिरायला लागला. फिरतच राहिला.

त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघताना तिचा धीर सुटला. मशीन सुरू होईपर्यंत वर काय होतंय ते कुणालाच दिसत नव्हतं, आणि ती मात्र दिसायची वाट बघत होती.

ती उठली, पाकांच्या बाजूने हात घातला आणि खटका खाली ओढला.

भोंगा सुटला. पाक तिच्याकडे बघत राहिले, पण त्यांनी खटका वर केला नाही. "खोटा निघाला तर मी माझ्या नावावर घेईन," ते एवढंच म्हणाले आणि दाराची कडी उघडून काठाकडे धावले.

मशीन सुरू झालं. पुलाचा कॅमेरा लागला. ऊन, दगड, पाण्याची बारीकशी धार, आणि कोपऱ्यातले सेकंद पुढे सरकत होते. बंधाऱ्याचा चौकोन काळा होता. तिने तो बंद करून परत उघडला. काळाच. तिला वाटलं, अजून रॅमच बिघडलेली आहे. मग शेजारच्या चौकोनात पुलावरून एक कोंबडी चालत गेली, आणि तिला उमगलं. मशीन ठीक होतं. बंधाऱ्यावर कॅमेराच उरला नव्हता.

आवाज त्यानंतर आला. आधी जमिनीतून, पायांना कळला. मग मोठं यंत्र दगड भरडतंय तसा.

ती बाहेर पळाली. ट्रक एकामागून एक चढ चढत होते, माणसं फावडी टाकून धावत होती. निंग्सिह प्रत्येक ट्रकची काच बघत होती. शेवटचा ट्रक वर आला. तो जारोतचा नव्हता. वळणावरून करडी भिंत आली, पात्र काठोकाठ भरलं आणि मधोमध जिथे वाळू बारीक होती तिथे काहीच दिसेनासं झालं.

ती काठाकडे झेपावली. पाक मुजियातांनी तिचा दंड धरून ठेवला होता.

जारोत खालच्या बाजूने, बांबूच्या बेटातून चिखलाने माखून वर आला. त्याच्या पाठीवर कसिमुन नावाचा म्हातारा मजूर होता, त्याचा घोटा मोडला होता. ट्रक सुरू करत बसलो असतो तर दोघेही गेलो असतो, म्हणून ट्रक सोडून दिला, असं त्याने सांगितलं.

"भोंगा खोटा वाटला होता का तुला?" तिने विचारलं.

"वाटला होता. कसिमुन म्हणाला, चल, उगाच का वाजवतील. तरी मी खोरं भरलंच एकदा."

निंग्सिह तिथेच खाली बसली.

पुढच्या आठवड्यात तिने नवी पट्टी एकटी लावून दुकानात रात्रभर तपासली. पडदा चुका दाखवणाऱ्या लाल ओळींनी भरून गेला. मग शहरातून एकसारख्या दोन पट्ट्या आल्या. त्या तपासून होईपर्यंत पाक मुजियातांनी वरच्या पहारेकऱ्याच्या जोडीला आणखी दोन माणसं वॉकीटॉकी देऊन बसवली.

जारोत आता दुसऱ्याच्या ट्रकवर जातो. निंग्सिह अजून दुपारी चौकीत बसते, पण तिला पाठ टेकून बसता येत नाही. दर थोड्या वेळाने ती उगाचच माउस हलवून बघते, आणि बाण हलला तरी उठून एकदा दाराबाहेर जाऊन नदी ऐकते.