तिवईच्या पायाचा पुरावा

नदीकाठच्या बागेच्या फाटकावर पहारेकरीकाकांनी खडूनं ठसठशीत लिहिलं होतं : 'तीन पायांच्या कुत्रीला बंदी.'

वाचून गोगलगाय थिजलीच. वर्गातल्या पोरींनी तिला हे नाव ठेवलं होतं, कारण कुणी जरा आवाज चढवला की ही लगेच दप्तराआड दडायची. पण ती मागच्या वर्षीची गोष्ट! शेजारी तिवई शेपटी हलवत उभी होती. अपघातात तिचा मागचा उजवा पाय गेला, म्हणून आजोबांनी तिला तिवई म्हणायला सुरुवात केली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज पोहू दे हिला. उरलेला मागचा पाय बसला, की ही कायमची बसली." आणि पोहण्याजोगं संथ पाणी होतं फक्त या बागेच्या पायऱ्यांशी.

"काका, हे काय?"

"वाचता येतं ना? तुझ्या या लाडोबानं वाफ्याची पार वाट लावलीय. काल लावलेली रोपं, आज मुळं वर!"

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायचंय काय त्यात? बागेत कुत्रं म्हणजे ही एकच. चल, पळ घरी."

आई इथे असती तर म्हणाली असती, "जाऊ दे गं, मोठ्यांच्या तोंडी लागू नये." पण जाऊ दे म्हणजे काय जाऊ दे? तिवईचा पाय?

"वाफा दाखवा," गोगलगाय म्हणाली.

"काय?"

"वाफा दाखवा म्हटलं!"

आवाज असा खणखणीत निघाला की ती स्वतःच दचकली. फिरायला आलेले दोन आजोबा थबकले. आता चारचौघांत काका नाही कसे म्हणणार?

काकांनी पहाटेच वाफ्याला भरपूर पाणी पाजलं होतं. मऊ चिखलात ठसे अगदी स्वच्छ उमटले होते.

"मोजा काका. पुढचे दोन, मागचे दोन. मागचे दोन! माझ्या तिवईचा गेलेला पाय काय रोपं उपटायला परत आला?"

एक आजोबा फिस्सकन हसले. ते इवलेसे ठसे ओळीनं काकांच्या खोपटाकडे गेले होते. दारामागे गोणपाटावर एक गुबगुबीत पिल्लू झोपलं होतं, नाकाला सुकलेला चिखल.

काकांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "लहान आहे गं तो. साहेबांना कळलं तर हाकलून देतील."

"मी चुगली करत नसते. पण फाटक पुसा."

"पुसतो, संध्याकाळी."

"आत्ता!"

काका फडकं शोधत बसले. तिला कुठला धीर? तिनं गणवेशाच्या निळ्या बाहीनं सगळी ओळ खसाखसा पुसून काढली आणि ताठ मानेनं आत शिरली. तिवई तिच्याही पुढे. धप्पकन पाण्यात! पाण्यात पाय मोजायला कोण जातंय?

घरी आईनं विचारलं, "बाही कशानं गं मळली?"

"भांडणानं," गोगलगाय म्हणाली, आणि ती खडूनं पांढरी झालेली बाही मुद्दाम वर करून दाखवली.