किडकी अंजिरं

मिलिंदनं आमरसाची वाटी चाटूनपुसून खाली ठेवली आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वा! अस्सल हापूस!"

रस डब्यातला होता. लंडनच्या ईलिंग भागातल्या पद्माकर सरांच्या घरामागच्या काचेच्या खोलीत, मांडीवर कागदी ताटल्या घेऊन बसलेल्या सगळ्यांनाच ते कळत होतं. खऱ्या हापूसच्या पेट्या आत डायनिंग टेबलापाशी फुटल्या होत्या, बड्या पाहुण्यांसाठी. सरांच्या कंपनीच्या व्हिसावर आलेली मंडळी दरवर्षी या मेजवानीला बाहेरच जेवायची. मिलिंदच्या व्हिसाच्या मुदतवाढीचं पत्र सोमवारी सरांच्या सहीला जायचं होतं. सही झाली नाही तर बॅगा भरून थेट नागपूर, आणि लेकीची, ऋजुताची, शाळा ऐन परीक्षेच्या वर्षी अर्धवट. मग रस गोड लागणारच की!

जेवणं उरकल्यावर सगळे आत जमले. सरांच्या पत्नी देवयानीबाईंनी ऋजुताला पुढे ओढलं.

"ही म्हणे शाळेत लॅटिन शिकते! काहीतरी वाचून दाखव ना गं."

"एक रोमन सटायर आहे, टोमणे मारणारी कविता. मीच मराठीत केलीय," ऋजुतानं खिशातून कागद काढला.

मिलिंदनं कागद लगेच ओळखला. कालच त्यानं तो कागद वाचला होता.

"राहू दे, उशीर होतोय," तो घाईनं म्हणाला.

"अरे, वाचू दे रे पोरीला!" सर म्हणाले.

ऋजुता वाचू लागली. रोममधल्या एका श्रीमंताकडची मेजवानी. धन्याच्या ताटात टपोरी अंजिरं, आश्रितांच्या ताटात किडकी. एक पाहुणा बोटानं किडा बाजूला सारतो, अंजीर तोंडात टाकतो आणि म्हणतो, काय ही गोडी!

काचेच्या खोलीतली मंडळी खाली बघू लागली. सर मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"अगदी आमचा क्रॉयडनचा मेहुणा! चिक्कू मारवाडी परवडला, असा. पुढे काय?"

मिलिंदच्या जिवात जीव आला. सरांना काहीच लागलं नव्हतं.

ऋजुतानं बापाकडे पाहिलं आणि कागदाची घडी घातली. "संपली. एवढीच आहे."

एवढीच नव्हती. पोरीनं बापाला सांभाळून घेतलं होतं, आणि तेच त्याच्या वर्मी लागलं.

"अजून दोन ओळी आहेत," मिलिंद म्हणाला.

"बाबा, नको ना."

त्यानं तिच्या हातातून कागद घेतला. आणि स्वतःच मोठ्यानं वाचलं.

"'धन्याला कशाला नावं ठेवता? किडकं खाऊन जो गोडी वाखाणतो, त्याला चांगलं अंजीर वाढायचं तरी कशाला?'"

आता कोणी हसेना. सरांची नजर दारापलीकडे पडलेल्या कागदी ताटल्यांवर गेली, तिथून मिलिंदवर आली आणि तिथेच थांबली.

"सोमवारी आधी मला येऊन भेट," ते म्हणाले.

"भेटतो," मिलिंद म्हणाला. भीती वाटत होती, भयंकर वाटत होती. पण ऋजुता सगळ्यांदेखत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली होती, आणि या घरात ती चार वर्षांत कधी तशी उभी राहिली नव्हती.