बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

मुलांच्या मुलाखती घेणं मला जमतं, असा माझा पक्का समज होता. मी मांडी घालून खाली बसते, आवाज मऊ करते आणि योग्य जागी ‘अय्या, खरंच?’ म्हणते. हेमांगीसमोर मुलं भडाभडा बोलतात, असं आमच्या संस्थेत सगळे म्हणायचे. मीही ते मनावर घेतलं होतं.

संशोधनाचा विषय होता, मुलं कुठे खेळतात. मीरा रोडमधल्या वीस मुलांशी बोलायचं आणि शुक्रवारी योगेंद्र सरांना अहवाल द्यायचा. बुधवारपर्यंत सतरा झाली होती, पण सगळ्यांचं उत्तर एकच, ‘बिल्डिंगखाली’. एवढ्यावर काय डोंबल लिहिणार? म्हणून तिथल्याच हाटकेश भागातली एक सोसायटी गाठली. पुढे इमारती, मागे छोट्या कारखान्यांचे गाळे. पार्किंगमध्ये तीन मुलं भेटली. दहा वर्षांची भूमिका, आठ वर्षांचा साहिल आणि साहिलचा पाच वर्षांचा भाऊ पराग. त्यांच्या आयांच्या सह्या घेतल्या. मग मुलांसाठीचा कागद वाचून दाखवला. बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं, कधीही थांबता येईल, सांगितलेलं परतही घेता येईल. हे मी आधी सतरा वेळा वाचलं होतं. कुणी काही परत मागितलं नव्हतं, त्यामुळे त्याचा अर्थ काय, हा विचार करायची वेळ आली नव्हती.

मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. मग जे मिळालं, त्याने मी मनातल्या मनात उडीच मारली. सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंत काका यांनी बागेला कुलूप लावलं होतं, गच्चीला लावलं होतं, आणि पार्किंगमध्ये बॉल दिसला की तो जप्त. म्हणून पोरांनी कंपाउंडच्या भिंतीतल्या भोकातून पलीकडची जागा शोधली होती. एका गाळ्यामागे, उंबराच्या सावलीत. गाळ्याचे वॉचमन रामू काका त्यांच्यावर लक्ष ठेवायचे आणि रिकामे खोकेही द्यायचे. त्या जागेचं नाव गोवा. तिथे खोक्यांची हॉटेलं होती, खोक्यांच्या बोटी होत्या. साहिलने तर नकाशा काढून दिला.

“एक नंबर!” मी म्हणाले. “हे सगळं रिपोर्टमध्ये टाकते. तुमच्या सोसायटीच्या कमिटीलाही दाखवू आपण.”

“टॅमप्लीज!” भूमिका ओरडली. पकडापकडीत असं कुणी म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. मीही थांबले.

“ताई, ते सगळं काढून टाक. गोवा कॅन्सल.”

“अगं, नावं बदलतो ना आम्ही! तू समजा सावित्री.”

“नाव बदललं तरी भिंतीला भोक एकच आहे ना? गुणवंत काका आज वाचणार, उद्या सिमेंट लावणार.”

आमचे प्रश्न तपासायला पाच पीएचडीवाले बसले होते. त्यांच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, राग आला. शुक्रवार तोंडावर आणि ही टिकलीएवढी पोरगी मला अक्कल शिकवतेय! मी पर्समधून चॉकलेटं काढली. साहिल लगेच विरघळायला लागला. ते बघून भूमिकाने मीटिंग बोलावली आणि तिघं एका स्कूटरमागे गेली.

“परागला कशाला? तो कच्चा लिंबू आहे,” साहिलचा आवाज आला.

“कच्चा लिंबू खेळात. मीटिंगमध्ये नाही,” भूमिका म्हणाली.

तेवढ्यात मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, “लहान आहेत गं, संध्याकाळपर्यंत विसरतील. तू ठेव ते.” मला हेच ऐकायचं होतं.

मीटिंग संपली. “तीन-झीरो,” भूमिका म्हणाली. “काढायचं.”

“हो हो, काढते हं,” मी म्हणाले आणि मोबाइल गुपचूप पर्समध्ये टाकायला लागले.

“आधी मला ऐकव,” पराग म्हणाला. “मी काय बोललो ते.”

आपला आवाज ऐकायची हौस असते मुलांना. मी रेकॉर्डिंग लावलं. एकूण बावीस मिनिटं. सुरुवातीला बराच वेळ मीच, पाकात बुडवलेली. मग मागून एक बारीक आवाज आला, “मला नाय सांगायचं.” त्यावर लगेच मी, “हो बाळा, मस्त!” पुन्हा तो, “ते सीक्रेट आहे.” पुन्हा मी, “अय्या, खरंच?” पाच वेळा त्याने नको म्हटलं होतं. पाचही वेळा मी काहीतरी गोड बोलून पुढे गेले होते. आणि फॉर्मवर परागच्या नावापुढे, ‘बोलायला तयार’ अशा अर्थाच्या हसऱ्या चेहऱ्यावर, मीच टिक केली होती.

“बोललो होतो ना मी?” पराग म्हणाला. चिडून नाही, नुसती खात्री करून घ्यायला.

“बोलला होतास रे,” मी म्हणाले. कानशिलं तापली होती. दहावीत गणितात गटांगळी खाल्ली तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती.

डिलीटचं बटण परागलाच दाबू दिलं. नकाशा साहिलने खिशात कोंबला. माझी टिक मी खोडली. तीन मुलांनी नकार दिला, असं सरांना सरळ लिहून द्यायचं ठरवलं. सर चिडणार होते. चिडू देत.

“पण ताईच्या डोक्यात आहे त्याचं काय?” साहिलने शंका काढली. शंका अगदी रास्त होती.

“डोकं कसं डिलीट करणार?” भूमिकाने जरा विचार केला. “ताई, तू राज्य घे. खांबाकडे तोंड कर आणि शंभरपर्यंत मोज. आम्ही कुठून गेलो ते बघायचं नाही. मग कुणाला काय सांगायचं ते तू ठरव.”

मी खांबाला कपाळ टेकवून डोळे मिटले. चपलांची फटफट झाली, कुणीतरी खुदखुदलं, मग शांत. साठच्या आसपास मागे मोठ्या माणसाची पावलं वाजली.

“ओ मॅडम,” आवाज म्हणाला, “मैं यहाँ का सेक्रेटरी हूँ। बच्चे लोग किधर गए? रोज इसी टाइम को गायब होते हैं।”

मी डोळे उघडले नाहीत.

“काका, राज्य माझ्यावर आहे,” मी म्हणाले. “मध्ये बोलायचं नसतं.” आणि त्रेसष्टपासून पुढचे आकडे मोठमोठ्याने, अगदी सावकाश मोजायला लागले.