बाबल्याचे कल्ले

सुहासिनीने टॉर्च आडवा धरला आणि टाकीच्या काचेला नाक टेकवले. बाबल्या तळाशी चारही पाय पसरून बसला होता. फिकट गुलाबी, वीतभर लांब, तोंडावर कायमचे हसू. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे डोलणारे त्याचे कल्ले मात्र आखडून गेले होते. गेल्या महिन्यात प्रत्येक झुपका करंगळीएवढा होता. आता फुले झडून गेल्यावर नुसते देठ राहावेत, तसे दिसत होते.

"लाइट बंद कर गो, तेच्या डोळ्यांका त्रास होता," पलंगावरून आई म्हणाली. टाकी आईच्या उशाशीच होती. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत ऊन न पोचणारा कोपरा तेवढा एकच होता, आणि बाबल्याला गारवा लागायचा. सुहासिनी बाटल्यांमध्ये पाणी भरून त्यांचा बर्फ करायची आणि सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली टाकीत सोडायची. फ्रीजरमध्ये बांगडे ठेवायला जागा उरत नाही, ही आईची, वनमालाबाईंची, जुनी तक्रार होती. हल्ली त्यात नवी भर पडली होती. या बर्फाने आपल्याला हिव भरते, असे म्हणून त्या भर मे महिन्यात स्वेटर घालून बसायच्या.

बाबल्या मासा नव्हता. ॲक्सोलॉटल, म्हणजे मूळचा मेक्सिकोतला उभयचर. बेडकाचे पिल्लू मोठे होते, त्याचे कल्ले जातात, ते पाण्याबाहेर येते. ॲक्सोलॉटल बाहेर येत नाही. कल्ले मिरवत तो जन्मभर पिल्लाच्या रूपातच राहतो, त्याच रूपात म्हातारा होतो. सुहासिनीने हे पहिल्यांदा समजावून सांगितले तेव्हा आईने बराच वेळ टाकीत पाहिले होते आणि म्हटले होते, "हातपाय आसत आणि चलूक जाणा नाय. बाबलोच आसा हो." बाबलो म्हणजे तान्हे बाळ; तेव्हापासून त्याचे नाव बाबल्या.

सुहासिनी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि गेली बावीस वर्षे एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर होती. येणाऱ्याचे नाव विचारायचे, संगणकात घालायचे, छापून आलेली चिकटपट्टी रक्ताच्या नळीवर सरळ रेषेत लावायची. तिची पट्टी कधी तिरकी लागत नसे. लग्नाचा विषय घरात केव्हातरी निघायचा बंद झाला, तो नेमका कधी, हे दोघींपैकी कोणालाच सांगता आले नसते. माशांची प्रदर्शने मात्र तिने सोडली नव्हती. दरवर्षी ती एकटीच जायची, प्रत्येक टाकीसमोर उभी राहायची, आणि टेबलामागचा कोणीतरी हमखास विचारायचा, मुलासाठी बघताय का?

या वर्षी ती टेबलाच्या आतल्या बाजूला असणार होती. घाटकोपरला दुकान चालवणारा विकी त्या प्रदर्शनाच्या आयोजकांपैकी एक होता. बाबल्याला त्याच्याकडूनच आणले होते, सरकारी नोंदणीही त्यानेच करून दिली होती. या वेळी स्पर्धेत ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यांचा वेगळा वर्ग ठेवलाय, आणि मुंबईच्या उन्हाळ्यात इतके भरघोस कल्ले दुसऱ्या कोणाकडे नाहीत, असे म्हणून त्याने तिचे नाव परस्पर टाकून दिले होते. टेबलावर ठेवायचे कार्डही आले होते. ते छापील होते. 'सुहासिनी राणे, मुलुंड.' तिने ते कपाटाच्या आरशात खोचून ठेवले होते.

आणि आता कल्लेच जात होते. विकीने व्हिडिओवर पाहिले, पाण्यात अमोनिया आहे का ते विचारले, मिठाचे पाणी सुचवले, शेवटी स्वतः येऊन पाहून गेला. पाणी निर्मळ होते. बाबल्या खात होता. "ताई, मला काय समजत नाही यार," दारात चपला घालताना तो म्हणाला. "आजारी तर दिसत नाही. पण कल्ले गेले तर हा श्वास कुठून घेणार?"

तो गेल्यावर सुहासिनीने आरशातले कार्ड काढून ड्रॉवरमध्ये ठेवले.

उलगडा झाला तो टॉवेलमुळे. आईला थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची असे. सुहासिनी गोळी हातात द्यायची, ती तोंडात जाताना बघायची आणि अंघोळीला जायची. त्या दिवशी टॉवेल बाहेरच राहिला, म्हणून ती परत आली. वनमालाबाईंनी दोन बोटांनी जिभेखालची गोळी काढली, टाकीवरची जाळी सरकवली आणि हात पाण्यावर धरला. गोळी पडायच्या आधीच बाबल्या वर आला होता. हा हात त्याच्या चांगला ओळखीचा होता.

"आई."

वनमालाबाईंनी दचकून हात मागे घेतला नाही. हल्ली कुठलीच गोष्ट त्यांच्याकडून चटकन होत नव्हती. "कचऱ्यात टाकली तर तुका दिसता," त्या म्हणाल्या. "पाण्यात इरघाळता."

"कधीपासून?"

"पाडवो झालो, तेवापासून."

"का पण?"

"गोळी घेतली काय चाय पिऊक नाय. अर्धो तास थांब म्हणतंस. उठल्या उठल्या चाय नाय, तर त्या उठण्याक काय अर्थ आसा, सांग माका."

सुहासिनी पलंगाच्या कडेवर बसली. तिने आधी आईच्या स्वेटरकडे पाहिले. मग आईचा घोगरा झालेला आवाज, दुपारभर झोपणे, सुजलेल्या पापण्या, सगळे तिच्या मनात एका ओळीत आले. रोज कितीतरी जणींच्या नळ्यांवर ती थायरॉइडच्याच तपासणीची पट्टी लावत होती आणि घरात मात्र बर्फाच्या बाटलीला दोष देणाऱ्या आईचे खरे मानून बसली होती. मग तिने टाकीकडे पाहिले. कॉलेजात शिकलेला एक धडा इतक्या वर्षांनी हळूच वर आला. बेडकाच्या पिल्लाला थायरॉइडचे औषध द्या, ते वेळेआधी बेडूक होते.

"अगं, दोघांची वाट लावलीस," ती म्हणाली, आणि तिला एकाएकी हसू फुटले. आवरेना. बाबल्या काचेपलीकडून नेहमीसारखा हसत होता, त्याने ते आणखीच वाढले.

वनमालाबाई हसल्या नाहीत. "मरतलो काय गो तो?"

सुहासिनीने डोळे पुसले. "बहुतेक नाही. मोठा होईल."

"आणि आता मी गोळी घेतलंय तर तेचे कल्ले परत येतले?"

"नाही. आता नाही येणार."

वनमालाबाईंनी टाकीवरची जाळी परत नीट लावली. मग त्यांनी हात पुढे केला. "दी एक." त्यांनी गोळी गिळली आणि शाळेतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून दाखवली. समोर कपात चहा वाफाळत होता. त्यांनी त्यावर बशी झाकली आणि पाठ फिरवून बसल्या.

सुहासिनीने विकीला फोन करून नाव मागे घ्यायला सांगितले. कारण ऐकून पलीकडे बराच वेळ नुसते हसणेच ऐकू आले. मग तो म्हणाला, असा मोठा झालेला ॲक्सोलॉटल त्याने इतक्या वर्षांत फोटोतच पाहिलाय, नाव काढायचा प्रश्नच नाही. कल्ल्यांच्या वर्गात तो कसा बसेल, असे तिने विचारले.

"वर्गात नाही बसत, तर वर्गाबाहेर बसवू ना," विकी म्हणाला. "आम्ही पण तिथेच असायचो, ताई. झकास जागा असते."

पुढच्या आठवड्यात ती लॅबमधून घरी आली तेव्हा टाकी अर्धी रिकामी होती. आईने मगाने पाणी काढून बादलीत भरले होते. बर्फ वितळलेली बाटली आडवी तरंगत होती आणि तिच्यावर बाबल्या दोन्ही पुढचे पाय टाकून, डोके पाण्याबाहेर काढून पडला होता. त्याचा गळा भराभर खालीवर होत होता. दुपारपासून असाच वर येतोय, आई म्हणाली, दमतोय बिचारा, म्हणून पाणी उतरवले. सुहासिनीने त्याच संध्याकाळी एका रुंद डब्यात ओला काथ्या अंथरला, गच्चीवरून फुटक्या कुंडीचा तुकडा आणून गुहेसारखा उपडा ठेवला आणि बाबल्याला ओल्या हातांनी उचलून त्यात सोडले. तो जरा वेळ थबकला. मग एक पाय उचलला, पुढे ठेवला, दुसरा उचलला.

"चलता गो," वनमालाबाई कुजबुजल्या.

प्रदर्शन घाटकोपरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होते. स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्यांच्या जागी डिस्कस माशांच्या टाक्या होत्या, ताटाएवढे गोल मासे निळ्या उजेडात संथ फिरत होते. एका बाजूला लग्नाच्या झालरीखाली शिंगवाले बेडूक चिखलात रुतून बसले होते. ॲक्सोलॉटलची रांग मधोमध होती. सुहासिनीने प्रत्येक टाकीसमोर थांबून कल्ले पाहिले. एकाचे सुंदरच होते. पण गेल्या महिन्यातल्या बाबल्याएवढे नव्हते, हे तिने मनातल्या मनात नोंदवले आणि ती आपल्या जागेवर गेली.

तिचे टेबल दारापाशी होते. ड्रॉवरमधून परत आणलेल्या कार्डावर विकीने खाली पेनाने 'स्पर्धेबाहेर' असे लिहिले होते. आईला घरी एकटीला ठेवायला नको म्हणून तिलाही आणले होते. वनमालाबाई खुर्चीत बसल्या होत्या, स्वेटर पिशवीत होता आणि एसी अंगावर येत असूनही त्यांनी तो अजून मागितला नव्हता.

सुरुवातीला कोणी थांबले नाही. मग एका पोरीने आपल्या आईचा हात ओढला. "मम्मी, याने डोळा मारला."

सुहासिनी वाकली. त्या पोरीचे खरे होते. ॲक्सोलॉटलला पापण्या नसतात. बाबल्याला आता आल्या होत्या. तिने ते सांगितले, मग कल्ले कुठे गेले ते, मग तो श्वास कसा घेतो ते. सांगता सांगता टेबलाभोवती दोन रांगा झाल्या. कल्ल्यांच्या वर्गात पहिला आलेला पोरगाही आपले पदक गळ्यात घालून तिथेच येऊन उभा राहिला आणि हे कसे काय झाले, म्हणून विचारू लागला.

सुहासिनी अडखळली. वनमालाबाई अडखळल्या नाहीत.

"माझ्या गोळयेन," त्या मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "माका चाय होयी व्हती, म्हणान मी गोळी तेच्या पाण्यात टाकी. माझो जन्म गेलो, पण चाय काय सुटली नाय. तो बिचारो मात्र माझ्यापायी जमनीर इलो."

आख्खा घोळका हसला. एका वयस्क बाईंनी, आपणही अर्धा तास कधी थांबत नाही, अशी कबुली दिली. वनमालाबाईंनी त्यांना तिथेच दम भरला. दिवसभर हेच चालले. मुलगी शास्त्र सांगायची, आई चहा सांगायची, आणि दोन्हीला सारखीच गर्दी व्हायची. दुपारी एका गृहस्थाने वाकून बाबल्याला पाहिले आणि सवयीने विचारले, मुलाने पाळलाय का?

"ह्या काय लिवलंला हा, ता वाचा," वनमालाबाई कार्डावर बोट ठेवून म्हणाल्या.

गृहस्थाने ते मोठ्याने वाचले. सुहासिनीने कार्ड उचलून थोडे सरळ करून ठेवले. ते आधीही सरळच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टॉवेल घेऊन निघाली तेव्हा आईने गोळी गिळून जीभ दाखवली होती. टाकी अजून उशाशीच होती, तिच्यातले पाणी सुहासिनीने का कोण जाणे काढले नव्हते. शेजारच्या स्टुलावर डबा होता. वनमालाबाईंनी जाळी सरकवून सवयीने हात पाण्यावर धरला. बोटांची सावली तळापर्यंत गेली. वर कोणी आले नाही.

त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला. मग खुर्ची डब्याजवळ ओढली, बशी झाकलेला कप मांडीवर घेतला आणि वाट बघत बसल्या. कुंडीच्या तुकड्याखालून बाबल्याने डोके बाहेर काढले, त्यांच्याकडे पाहिले आणि सावकाश पापण्या मिटल्या.

"थांब जरा," त्या त्याला म्हणाल्या. "माझोय अर्धो तास होवचो आसा."